दसरा ते वसुबारस : इटलीची दुसरी फेरी

परदेशवारीहून परत आलं की घरच्यांचे प्रश्न ठरलेले असतात. जेवायचे हाल झाले का, थंडी किती होती, आणि आमच्यासाठी काय आणलंत? २०१८ साली आम्ही दोघं युरोप करून फुलपाड्याला घरी आलो, तेव्हा चपला काढायच्या आत सासूबाईंनी विचारलं, "महाराजांकडं जाऊन आलासा न्हवं?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी बॅगेकडे. जायचं राहूनच गेलं होतं.

सासूबाईंचं माहेर कोल्हापूर. लग्न होऊन विरारला आल्याला साठ वर्षं उलटली, तरी त्यांचं 'न्हवं' काही गेलं नाही. त्यांचे वडील कोल्हापूरच्या राजाराम शाळेत शिकलेले. ज्यांच्या नावाची ती शाळा आणि ते कॉलेज, ते राजाराम महाराज इटलीत वारले ही गोष्ट त्यांनी मुलींना लहानपणी सांगितली होती, आणि सासूबाईंनी ती आम्हाला निघताना सांगितली होती. "फ्लॉरेन्सला बागेत त्यांचा पुतळा हाय. दोन फुलं वाहून या," एवढंच त्यांचं मागणं. ना चॉकलेट, ना घड्याळ.

मैत्रिणींनो, ही गोष्ट बऱ्याच जणींना ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. शाहू महाराजांच्या आधीच्या पिढीतले हे राजाराम महाराज १८६६ साली दत्तक येऊन कोल्हापूरच्या गादीवर बसले. १८७० साली ते विलायतेला गेले. राणी व्हिक्टोरियाला भेटले, कारखाने, शाळा, संग्रहालयं बघितली, रोज इंग्रजीतून रोजनिशी लिहिली. परतायची वेळ झाली ती पानगळीच्या दिवसांत. फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलेलं, तेव्हा स्वारी जर्मनीकडून आल्प्स ओलांडून इटलीत उतरली. तब्येत बिघडलेलीच होती. फ्लॉरेन्सला पोचल्यावर ३० नोव्हेंबर १८७० रोजी महाराज गेले. वय अवघं वीस!

इटलीत तेव्हा प्रेत जाळायची मुभा नव्हती. खास परवानगी काढून अर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर हिंदू रीतीनं दहन झालं. १८७४ साली त्याच जागी दगडी छत्री उभारली आणि तिच्याखाली महाराजांचा फेटेधारी, रंगवलेला अर्धपुतळा बसवला. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांनी आखला तेच हे मँट. महाराजांची रोजनिशी त्यांच्याबरोबरच्या कॅप्टन वेस्ट या अधिकाऱ्यानं १८७२ साली लंडनला छापवली. आज तिथले लोक त्या जागेला नुसतं 'इंदियानो' म्हणतात, आणि जवळच्या मोठ्या पुलालाही तेच नाव आहे.

आता आमच्या पहिल्या सहलीबद्दल. यात्रा कंपनीबरोबर पंधरा दिवसांत सात देश! फ्लॉरेन्स आमच्या वाट्याला आलं ते तीन तास. टेकडीवरून शहराचा फोटो, चौकातल्या पुतळ्यापुढे फोटो, आणि मग चामड्याच्या वस्तूंचं दुकान. मी सहलप्रमुखाला बागेचं विचारलं. तो बिचारा म्हणाला, "काकू, बस सुटेल." त्याचं काही चुकलं नाही. चाळीस माणसं एका बसमध्ये कोंबून न्यायची म्हणजे एकीच्या सासूबाईंचं फूल कुठं बसवायचं? पहिल्या खेपेला अशा सहलीनंच जावं असं माझं आजही मत आहे, एरवी आमचं धाडस झालंच नसतं. पण दुसऱ्या खेपेला आपली आपण आखणी करावी.

दुसरी खेप करायची हे आमचं आठ वर्षं नुसतं बोलणं चाललं होतं. गेल्या पावसाळ्यात सासूबाई आठ दिवस दवाखान्यात होत्या. घरी आल्या त्या निम्म्या होऊन. आता त्या शहाऐंशीच्या. डॉक्टर म्हणाले, काळजी घ्या, पण घाबरून बसू नका. मी ह्यांना म्हटलं, आता जाणंच नको. आईंना टाकून कसं जायचं? तर पलीकडच्या खोलीतून आवाज आला, "मी हाय तवर जावा. मागनं कुणाला येऊन सांगणार?"

यावर काय बोलणार? तेव्हा यंदा जायचं ठरलं. आखणी करताना जे कळलं, जे चुकलं आणि जे सुधारलं, ते इथं सांगते आहे.

दिवस कोणते निवडावे

मासिकांतून 'इटलीला एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरात जावं' असं वाचलेलं असतं. पण आपल्याला घर आहे. गणपती, पितृपक्ष, नवरात्र. नवरात्रात तर जीवदानीच्या दर्शनाला इतकी गर्दी लोटते की फुलपाड्यातून स्टेशनला जायचं म्हणजे दिव्य! आणि दिवाळीला घराबाहेर राहायचं नाही हे तर ठरलेलंच. मग उरतं काय? पंचांग काढून बसले आणि लक्षात आलं की दसरा ते वसुबारस हे सतरा दिवस कुणाचेच नसतात. आपल्याकडे 'ऑक्टोबर हीट'नं जीव नकोसा झालेला असतो, आणि तिकडे खरा शरद ऋतू. यंदा अधिक महिन्यामुळे दसरा उशिरा आहे, २० ऑक्टोबरला. एकादशीला रात्री निघायचं आणि ४ नोव्हेंबरला परत. विमानातल्या दोन रात्री धरून चौदा रात्री. चकलीची भाजणी नवरात्राआधीच भाजून, दळून डब्यात भरून ठेवणार आहे.

या दिवसांचे दोष आहेत, तेही सांगते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे यंदा २५ तारखेला, युरोपात घड्याळं एक तास मागे करतात. आपल्यातला आणि त्यांच्यातला फरक साडेतीन तासांचा साडेचार होतो, आणि फ्लॉरेन्सला सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे संध्याकाळी पाचला बाहेर पडायची आपली सवय तिथं कामाची नाही. पाऊस येतो. डोंगरातले उंचावरचे पाळणे हंगाम संपल्यावर डागडुजीसाठी बंद होतात, तेव्हा कुठला पाळणा कधीपर्यंत चालू ते आधी बघूनच मुक्काम ठरवावा. १ नोव्हेंबरला तिकडे सर्व संतांचा सण, दुकानं बंद. यंदा तो रविवारीच आहे, म्हणून आदल्या दिवशी पाव-फळं घेऊन ठेवायची.

मार्ग

माझी पहिली यादी बघून हे हसले. त्यात नऊ गावं होती! म्हणजे यात्रा कंपनीला नावं ठेवायची आणि स्वतः तेच करायचं. मग खोडरबर घेऊन बसलो. व्हेनिस गेलं. माझ्या बहिणीला अजून पटलेलं नाही, पण ते आम्ही पाहिलेलं आहे, आणि तिथं प्रत्येक पुलाला पायऱ्या. बॅगा घेऊन त्या चढायला माझे गुडघे तयार नाहीत. मिलान गेलं. स्वित्झर्लंडही गेलं, तिथं सगळंच फार महाग.

उरलं ते असं. रोम तीन रात्री, फ्लॉरेन्स चार, आल्प्सच्या पायथ्याशी बोल्झानो तीन, मग ब्रेन्नर खिंड ओलांडून ऑस्ट्रियात इन्सब्रुक एक, आणि शेवटची रात्र म्यूनिकला. विमान रोमला उतरायचं आणि म्यूनिकहून परत. येताना-जाताना एकच शहर धरलं की उगाच एक अख्खा दिवस मागे येण्यात जातो. तिकीट काढताना 'एका गावी उतरून दुसऱ्या गावाहून परत' असं मागता येतं, आणि पुष्कळदा दरात फारसा फरक नसतो. विचारून बघावं.

महाराज आल्प्स ओलांडून दक्षिणेला उतरले, आम्ही उलटे उत्तरेला चढणार. ब्रेन्नरवरून आगगाडी सुरू झाली १८६७ साली. माथ्यावर बोगदा नाही. सुमारे १३७० मीटर उंचीवर खिंडीतूनच गाडी जाते, त्यामुळे खिडकीत बसलं की सगळं दिसतं. आता खालून पंचावन्न किलोमीटरचा बोगदा खणताहेत. तो झाला की हे बघणं संपेल, म्हणून हे म्हणतात आत्ताच जाऊ.

बोल्झानोचं एक गंमतीचं. गावातून पाळण्यानं बारा मिनिटांत रेनोनच्या पठारावर जाता येतं, आणि वर एक छोटी आगगाडी आहे. ती सुरू झाली १९०७ च्या ऑगस्टमध्ये. आपली नेरळ-माथेरान गाडी त्याच वर्षी मार्चमध्ये सुरू झाली! म्हणजे आपलं माथेरान पाच महिन्यांनी थोरलं. तिथून समोर डोलोमाइटचे सुळके दिसतात, आणि लार्चची झाडं या दिवसांत पिवळीधमक होऊन पानं गाळतात. सूचिपर्णी असून पानगळ होणारं झाड मी अजून पाहिलेलं नाही. ह्यांना मात्र तिथल्या संग्रहालयातला बर्फातला माणूस बघायचा आहे. १९९१ साली हिमनदीत सापडला, पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा. ज्याची त्याची आवड. हा भाग पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाचा होता, त्यामुळे प्रत्येक गावाला दोन नावं, इटालियन आणि जर्मन. बोल्झानो म्हणजेच बोझेन. तिकिटावर दुसरं नाव आलं तर घाबरू नये. तिथल्या बऱ्याच हॉटेलांत मुक्काम असेपर्यंत बस-गाड्यांचा पास फुकट देतात. खोली ठरवताना हे नक्की विचारा.

कागदपत्रं

इटली, ऑस्ट्रिया, जर्मनी तिन्ही शेंगेन करारातले, म्हणून एकच व्हिसा पुरतो. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज. आमच्या इटलीत दहा, तेव्हा इटली. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पण एवढ्यावर आणू नका. मोठ्या माणसांसाठी शुल्क ९० युरो, वर केंद्राचा आकार वेगळा. मुंबईला जाऊन बोटांचे ठसे द्यायचे असतात. विरारहून सकाळची गाडी पकडून, हातात फाइल घेऊन.

बायकांसाठी खास सूचना : नावं तपासा. माझ्या पासपोर्टवर एक नाव, बँकेच्या पुस्तकात मधलं नाव निराळं, आणि विम्याच्या अर्जात मुलानं तिसरंच भरलं. आधी जुळवून घ्या. आणि व्हिसा हातात पडेपर्यंत परत न करता येणारी तिकिटं काढू नका. इटलीतल्या वेगवान गाड्यांची स्वस्त तिकिटं लवकर संपतात म्हणून मोह होतो, पण ती रद्द केली तर पैसे बुडतात.

विमा मात्र मुकाट्यानं चांगला घ्यावा. शेंगेनसाठी निदान तीस हजार युरोंचं संरक्षण लागतंच, त्यात आजारपण, दवाखाना आणि वाईट प्रसंगी माणसाला मायदेशी आणण्याचा खर्चही धरलेला असतो. वाचताना अंगावर काटा येतो खरा. पण महाराजांची गोष्ट डोक्यात असल्यामुळे मी तो कागद दोनदा वाचला. रक्तदाब, साखर काही असेल तर लपवू नका. आधीपासूनच्या दुखण्याचा खर्च पुष्कळ विम्यांत धरत नाहीत, तेव्हा कोणता धरतो ते विचारून घ्या. औषधं पुरतील त्याहून आठवड्याची जास्त, हातातल्या पिशवीत, आणि डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासकट. आपल्याकडची कंपनीची नावं तिकडच्या दुकानदाराला कळत नाहीत.

गुडघे, पर्स आणि पोट

फ्लॉरेन्सच्या मोठ्या चर्चच्या घुमटाला ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही. तो बेत मी सोडला आहे. पण चालणं चुकत नाही, म्हणून जूनपासून रोज पहाटे पापडखिंडीच्या धरणाकडे चालायला जाते आणि रविवारी जीवदानीच्या पायऱ्या, निम्म्यापर्यंतच. नवे बूट घेतले ते घालूनच. नवे बूट विमानतळावर पहिल्यांदा घालणाऱ्या बाईची दया येते मला. खोली घेताना 'लिफ्ट आहे का' हे जेवणाआधी विचारा. जुन्या इमारतींतून पुष्कळदा नसते, आणि त्यांचा पहिला मजला म्हणजे तळमजल्यानंतरचा. खोलीच्या भाड्याशिवाय माणशी, रात्रीगणिक शहराचा कर हॉटेलात वेगळा भरावा लागतो, तेवढं हिशेबात धरा.

खिसेकापूंची फार भीती घालतात. अहो, विरार लोकलच्या लेडीज डब्यात सकाळी सव्वाआठला पर्स पोटाशी धरून उभं राहिलेली बाई रोममध्ये काय घाबरेल?

पोटाचं म्हणाल तर शाकाहारी माणूस इटलीत उपाशी राहत नाही. फ्लॉरेन्सकडे शिळा पाव, पालेभाजी आणि घेवड्याच्या दाण्यांचं एक दाट सूप करतात, 'रिबोल्लिता'. आपल्याकडे उरलेल्या पोळीचा कुस्करा करतो, त्याच घराण्यातलं. उत्तरेला 'पोलेंता', म्हणजे मक्याच्या कण्यांचा मऊसर सांजा. आणि या दिवसांत जिकडे तिकडे चेस्टनट. भाजून पुडीत विकतात, शिवाय त्यांच्या पिठाचा बिनअंड्याचा केकही होतो. पण कडक शाकाहारी असाल तर एक ध्यानात ठेवा, पार्मेझान चीज वासराच्या पोटातल्या विरजणानं करतात. हे कळल्यावर मीच चार दिवस हळहळले, कारण मागल्या खेपेला मी ते वाटीनं खाल्लं होतं! पानावर बसल्याचे माणशी वेगळे पैसे लावतात, त्याला 'कोपेर्तो' म्हणतात. कॉफी उभ्यानं प्यायली तर स्वस्त. रोममध्ये रस्तोरस्ती नळ आहेत, पाणी पिण्याचं असतं, बाटली भरून घ्यावी.

इकडून न्यायचं म्हणाल तर पेढे, खवा, तूप नाही. दूध आणि मांस यांचे पदार्थ युरोपात आपल्या सामानातून नेता येत नाहीत. चटण्या, मेतकूट, लाह्यांचा चिवडा खुशाल न्या.

घर

घर बंद करून जायचं नाही, ही यातली अवघड बाजू. नणंद नालासोपाऱ्याहून येऊन राहणार आहे. ती म्हणाली, "वहिनी, चौदा दिवस. पंधरावा नाही." तिचंही घर आहे. म्हणून सासूबाईंच्या गोळ्या आठवड्याच्या कप्प्यांच्या डब्यात दोन आठवड्यांच्या भरून ठेवायच्या. डॉक्टरांचा, रिक्षावाल्याचा आणि शेजारच्या ताईंचा नंबर फ्रीजवर मोठ्या अक्षरात. गॅसचं दुसरं सिलिंडर भरलेलं. दवाखान्याची फाइल कपाटातून काढून टेबलावर. आणि नणंदेशी एक करार केला आहे. आईंना थोडंसं जरी बरं नसलं, तरी 'उगाच कशाला कळवा' करायचं नाही. आम्हाला फोन करायचा. परतीची तारीख बदलता येईल असं तिकीट जरा महाग पडतं, तेच काढलं आहे. ह्यांनी आधी कुरकुर केली, मग स्वतःच म्हणाले, राहू दे.

आता राहिली फुलं. इकडून ताजी फुलं न्यायची सोय नाही, झाडापानाला आरोग्याचा दाखला लागतो. फळांत मात्र नारळाला सूट आहे, हे कळल्यावर सासूबाई एकदम उठून बसल्या. पण सुकं खोबरं विमानात चालत नाही, आणि अख्ख्या नारळाबद्दल विमानवाल्यांशी हुज्जत घालायला हे तयार नाहीत. नारळ बाद.

मग फुलं तिथंच घ्यायची ठरली. २६ तारखेला सोमवार आहे, मोठी चित्रसंग्रहालयं सोमवारी बंद, म्हणून तो दिवस महाराजांचा. ती काशीने बाग लांबट आहे, चांगली साडेतीन किलोमीटर, आणि छत्री अगदी पश्चिमेच्या टोकाला. जाताना टॅक्सी, येताना जमेल तेवढं चालत. अंधार लवकर पडतो म्हणून सकाळीच. आणि फुलांचं वाचताना एक कळलं. २ नोव्हेंबरला इटलीत मृतांचा दिवस पाळतात, आणि त्या आठवड्यात फुलवाल्यांकडे एकच फूल रचून ठेवलेलं असतं. आपली शेवंती! तिकडे ती गेलेल्या माणसांनाच वाहतात, म्हणून कुणाच्या घरी जेवायला जाताना शेवंती न्यायची नाही, अपशकुन समजतात.

हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. "शेवंती व्हय?" म्हणाल्या. "पिवळी घे." थोड्या वेळानं विचारलं, "आदल्या दिवशी कोजागिरी हाय न्हवं? तिथं दूध कशात आटवशील?" खोलीत विजेची शेगडी आहे म्हटलं. जायफळाची पूड आणि केशराची डबी माझ्या बॅगेत घालायला त्यांनी काढून ठेवली आहे, एप्रिलपासून.